दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ स्वतः कसा काढावा

टोकियोहून संध्याकाळी ५ वाजता निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी १० वाजता लॉस एंजेलिसला उतरतं. लंडन ते न्यूयॉर्क प्रवासाला किती वेळ लागतो हे शोधलं, तर कुठे साडेसहा तास लिहिलेलं असतं, कुठे सात, कुठे आठ. नवखा माणूस इथे गोंधळतो आणि यातला कुठलातरी एकच आकडा खरा असणार असं धरून चालतो. प्रत्यक्षात सगळेच खरे असतात, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात. जमिनीवरचं अंतर, हवेतला वेळ, वेळापत्रकातला वेळ आणि घड्याळातला फरक या चार गोष्टी सुट्या केल्या की गुंता सुटतो. साधा कॅल्क्युलेटर पुरतो, आणि एखादा पृथ्वीगोल हाताशी असला तर फारच उत्तम.

पहिली पायरी: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

‘लंडन’ हे उत्तर पुरेसं नाही. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, ल्युटन, सिटी आणि साउथएंड असे सहा विमानतळ लंडनचं नाव लावतात. टोकियोचे हानेदा आणि नारिता एकमेकांपासून साधारण ६० किलोमीटरवर आहेत. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे, आणि सान होजे कॅलिफोर्नियात आहे तसं कोस्टा रिकातही. कॅनडाच्या सिडनीचं तिकीट काढून तिथे उतरलेल्या प्रवाशांच्या बातम्या खरोखरच छापून आल्या आहेत.

म्हणून नावावर न जाता आयएटीएचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, तीन अक्षरी कोड पाहा. हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा एसवायडी, कॅनडातल्या सिडनीचा वायक्यूवाय. तिकिटावर आणि सामानाच्या टॅगवर हाच कोड असतो. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक आयसीएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संस्थेचा, चार अक्षरी कोड वापरतात, हीथ्रोसाठी तो ईजीएलएल आहे. काही नकाशे आणि उड्डाणांची माहिती देणारी संकेतस्थळं हा दुसरा कोड दाखवतात, म्हणून तो ओळखीचा असलेला बरा.

कोड मिळाला की विमानतळाचे अक्षांश-रेखांश सहज सापडतात. दशांशचिन्हापुढे दोन अंक पुरेत. अक्षांशाचा ०.०१ अंश म्हणजे जेमतेम १.१ किलोमीटर. हजारो किलोमीटरच्या हिशोबात त्याहून बारीक आकडा घेण्यात अर्थ नाही. काळजी घ्यायची ती चिन्हाची: दक्षिण अक्षांश आणि पश्चिम रेखांश ऋण धरायचे.

दुसरी पायरी: अंतर काढा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. त्या नकाशावर टोकियो आणि लॉस एंजेलिस जवळपास एका आडव्या रेषेत दिसतात, दोन्ही ३४ ते ३६ अंश उत्तरेच्या पट्ट्यात. त्या समांतर रेषेनेच उडत गेलं तर साधारण ९,३०० किलोमीटर पडतात. गोलावरून जाणारी सर्वांत जवळची वाट मात्र उत्तरेकडे वळत सुमारे ४८ अंशांपर्यंत चढते, मग खाली उतरते, आणि तिची लांबी भरते सुमारे ८,८०० किलोमीटर. विमानातल्या पडद्यावर ही वाट वाकडी दिसते, पण तो वाकडेपणा नकाशाचा आहे. गोलाच्या पृष्ठभागावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्ताचा मार्ग म्हणतात. पृथ्वीच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभाग जिथे कापला जातो ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे एक बृहद्वृत्त, आणि दोन समोरासमोरची रेखावृत्तं जोडली की आणखी एक.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप जवळची वाट पकडतो. मला ही पद्धत कुठल्याही सूत्राइतकीच मोलाची वाटते, कारण वाट कुठून जाते ते कळल्याशिवाय पुढचे वाऱ्याचे आणि वळशांचे मुद्दे नीट समजत नाहीत.

आता आकडा. काही जोड्यांचं गणित तोंडीसुद्धा होतं. सिंगापूर १.३६ अंश उत्तर अक्षांश आणि १०३.९९ अंश पूर्व रेखांशावर, जेएफके ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिमेला. रेखांशांची बेरीज जवळजवळ १७८ अंश होते, म्हणजे ही दोन ठिकाणं पृथ्वीच्या समोरासमोरच्या बाजूंवर आहेत आणि जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. सिंगापूरपासून ध्रुव ९० वजा १.३६, म्हणजे ८८.६४ अंश. ध्रुवापासून जेएफके ९० वजा ४०.६४, म्हणजे ४९.३६ अंश. एकूण १३८ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर बृहद्वृत्तावरचा एक अंश १११.१९ किलोमीटरचा होतो. गुणाकार केला की सुमारे १५,३४५ किलोमीटर. जगातल्या सर्वांत लांब नियमित प्रवासी उड्डाणांपैकी एकाचं अंतर आपण कागदाच्या चिठोऱ्यावर काढलं.

इतर जोड्यांसाठी सूत्र लागतं. दोन्ही अक्षांशांचे साइन एकमेकांनी गुणा. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन असे तिघांचा गुणाकार करा. दोन्ही गुणाकारांची बेरीज घ्या आणि तिचा व्यस्त कोसाइन काढा. येतो तो अंशांमधला कोन, त्याला १११.१९ ने गुणलं की किलोमीटर. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम आणि जेएफके घालून पाहा. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. पहिला गुणाकार ०.५०९५, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१. कोन ४९.८३ अंश, अंतर ५,५४० किलोमीटर. कॅल्क्युलेटर अंशांच्या मोडवर आहे ना ते आधी तपासा. एक्सेलसारख्या तक्त्यात हेच करायचं असेल तर तिथली त्रिकोणमितीय सूत्रं रेडियन मागतात, तेव्हा अंशांचं रूपांतर आधी करावं लागतं. अंतर भलतंच आलं तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

कोन हाती आला की सागरी मैल फुकट मिळतात. कोनाला ६० ने गुणा: लंडन-न्यूयॉर्कसाठी सुमारे २,९९० सागरी मैल. सागरी मैल १,८५२ मीटरचा, आणि विमान वाहतुकीत तोच चालतो. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसतं ‘मैल’ लिहिलेल्या तक्त्यावरून अंतर उचलताना कोणता मैल ते बघून घ्या, दोघांत १५ टक्क्यांचा फरक आहे.

पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६,३५७. त्यामुळे गोल धरून काढलेल्या अंतरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या आखणीसाठी ती सोडून द्यावी. अचूकच हवं असेल तर ऑनलाइन साधनं लंबगोल पृथ्वीवरचं गणित करून देतात.

आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का, हे तपासायला एक मर्यादा लक्षात ठेवा. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणून कुठलेही दोन विमानतळ २०,००० किलोमीटरच्या फार पुढे असूच शकत नाहीत. माद्रिद आणि ऑकलंड त्या टोकाच्या जवळ जातात, सुमारे १९,६०० किलोमीटर. अशा जोड्यांची गंमत अशी की कुठल्याही दिशेने निघालं तरी अंतर जवळपास सारखंच पडतं.

तिसरी पायरी: अंतरावरून हवेतला वेळ

बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० सारखी लांब पल्ल्याची विमानं साधारण माक ०.८५ या वेगाने जातात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. ११ किलोमीटर उंचीवरच्या उणे ५६ अंशांच्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो, म्हणून विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास येतो. ए३२० आणि ७३७ ही विमानं थोडी हळू, माक ०.७८ च्या सुमारास, म्हणजे ताशी ८३० किलोमीटर.

पण हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, आणि हवा स्वतः वाहत असते. मध्यम अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवरून जेट स्ट्रीम हा वेगवान वाऱ्याचा पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो आणि ताशी २०० किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेग सहज गाठला जातो. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला तो पाठीवर घेतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला अडवतो. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी एका बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापलं. जमिनीच्या मानाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

हिशोबात वारा धरताना संपूर्ण वाटेची सरासरी घ्यायची. मी अटलांटिकसाठी ताशी ८० किलोमीटर धरतो. आता लंडन-न्यूयॉर्कचं गणित पूर्ण करू. ५,५४० किलोमीटरमध्ये वळशासाठी ४ टक्के मिळवले की ५,७६०. पश्चिमेकडे जाताना वेग ९०० वजा ८०, म्हणजे ८२०, आणि वेळ ७ तास. परतताना वेग ९८०, वेळ ५ तास ५३ मिनिटं. दोन्हींत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं आणि गेटला लागणं यासाठी मिळून ५० मिनिटं घाला. जाताना ७ तास ५० मिनिटं, येताना ६ तास ४५ मिनिटं. विमान कंपन्यांच्या वेळापत्रकात जाताना सुमारे ८ आणि येताना सुमारे ७ तास दिसतात. आपण फार दूर नाही.

दक्षिण गोलार्धात हाच खेळ आणखी ठळक होतो, कारण तिथे वारा अडवायला जमीन कमी. सिडनी ते जोहान्सबर्ग अंतर सुमारे ११,००० किलोमीटर. पश्चिमेकडे जाताना जवळपास १४ तास, परतताना १२ च्या आत. तेव्हा फक्त ‘अंतर भागिले वेग’ करून आलेला आकडा दोन्ही दिशांना सारखाच वापरू नका. उलट विषुववृत्ताच्या आसपास, किंवा उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वाटांवर, हा फरक बराच कमी होतो.

वळसे का पडतात

वर ४ टक्के सहज मिळवले, पण ते नेहमी पुरत नाहीत. विमान बृहद्वृत्ताला बांधलेलं नसतं. ते कमीत कमी वेळ आणि इंधन लागेल अशी वाट शोधतं, आणि चांगला वारा मिळणार असेल तर हजार किलोमीटर जास्त उडणंही परवडतं. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारी विमानं ध्रुवाची जवळची वाट सोडून बहुतेक वेळा पॅसिफिकवरून जातात, म्हणजे जेट स्ट्रीम पाठीशी राहतो. १६,००० किलोमीटरपेक्षा जास्त उडूनही ती साडेअठरा ते एकोणीस तासांच्या वेळापत्रकात बसतात. उत्तर अटलांटिकवर तर त्या दिवसाच्या वाऱ्यानुसार रोज नवे मार्ग आखले जातात. त्या आकाशाचं नियंत्रण ब्रिटन-आयर्लंडचं शॅनविक आणि कॅनडातलं गँडर ही केंद्रं वाटून घेतात. काल ज्या वाटेने विमान गेलं तीच आज असेल असं नाही.

दुसरं कारण दोन इंजिनांचं. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक वेळेत कुठल्यातरी विमानतळावर उतरता आलं पाहिजे, असा नियम आहे. त्याला इटॉप्स म्हणतात. मुभा किती मिनिटांची ते विमान आणि कंपनी यांवर ठरतं. १८० मिनिटांची मुभा सर्रास दिसते, ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मिळालेली आहे. सिडनी ते सांतियागो हे ११,३४० किलोमीटरचं बृहद्वृत्त ६२ अंश दक्षिणेपर्यंत, अंटार्क्टिकाच्या दिशेने उतरतं. तिथे उतरायला जागा जवळपास नाहीतच, म्हणून या मार्गावर ही मुभा कळीची ठरते.

तिसरं कारण बंद आकाश. २०२२ मध्ये रशियाचं हवाई क्षेत्र युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला. अंतर तेच राहिलं, साधारण ७,८५० किलोमीटर. पण विमानांना ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडून मोठा वळसा घालावा लागला. जुन्या लेखात किंवा जुन्या तिकिटावर पाहिलेला वेळ आज लागू असेलच असं नाही, ते यासाठी.

चौथी पायरी: वेळापत्रकातला वेळ वेगळा

तिकिटावर लिहिलेला कालावधी गेटपासून गेटपर्यंतचा असतो. विमान क्षेत्रात त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान गेटवरून मागे सरकलं की तो सुरू होतो आणि पोहोचल्यावर गेटला लागून थांबलं की संपतो. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीच्या रांगेतच अर्धा तास जाऊ शकतो. शिवाय कंपन्या त्यात थोडी सैल जागा ठेवतात. वेळापत्रकापेक्षा १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान सर्वसाधारणपणे वेळेवर मानलं जातं, आणि वक्तशीरपणा सगळ्यांनाच दाखवायचा असतो. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही पुष्कळदा वेळेवर पोहोचतं. आपल्या आखणीत मात्र ही सैल जागा आपली समजू नका, ब्लॉक टाइमच धरा.

पाचवी पायरी: घड्याळाचा हिशोब यूटीसीत करा

स्थानिक वेळांची थेट वजाबाकी करू नका. सगळं आधी यूटीसीत, म्हणजे जगभर प्रमाण मानलेल्या समान वेळेत, आणा, तिथे बेरीज करा, मग परत स्थानिक वेळेत न्या. सुरुवातीचं टोकियोचं उदाहरण घेऊ. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून संध्याकाळी ५ म्हणजे यूटीसी सकाळी ८. दहा तासांचं उड्डाण, म्हणजे यूटीसी संध्याकाळी ६. लॉस एंजेलिस हिवाळ्यात यूटीसीच्या ८ तास मागे, म्हणून सकाळी १०, तारीख तीच. परतताना सकाळी ११ ला निघालं तर यूटीसी संध्याकाळी ७. बारा तासांनी यूटीसी दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ७, आणि टोकियोत दुपारचे ४. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेपुढे अधिक १ लिहिलेलं असतं ते हेच. हॉटेल आणि पुढची गाडी कोणत्या तारखेला लागणार, हे त्या छोट्या आकड्यावर ठरतं.

उन्हाळी वेळेकडे लक्ष असू द्या. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हे बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतात. त्यामुळे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक एरवी ५ तासांचा असला तरी वर्षातले काही आठवडे तो ४ तासांचा होतो. जपान आणि सिंगापूर घड्याळ हलवत नाहीत. काही ठिकाणी फरक पूर्ण तासांचाही नसतो: नेपाळ यूटीसीच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे आहे.

आंतरराष्ट्रीय वाररेषेजवळ घड्याळ काय करतं ते पाहायचं असेल तर सामोआकडे पाहा. या देशाने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच वगळला आणि तो रेषेच्या दुसऱ्या बाजूला गेला. आज त्याचं घड्याळ यूटीसीच्या १३ तास पुढे आहे, तर शेजारच्या अमेरिकन सामोआचं ११ तास मागे. फरक बरोबर २४ तासांचा. अमेरिकन सामोआतल्या पागो पागोहून सामोआतल्या आपियाला अर्ध्या-पाऊण तासात पोहोचता येतं, पण पोहोचल्यावर उद्याची तारीख असते.

वाटेत थांबा असेल तर

लंडन-सिडनी हे अंतर सुमारे १७,००० किलोमीटर, म्हणून लोक वाटेत विमान बदलतात. कुठे बदलायचं ते ठरवताना प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा. सिंगापूरमार्गे १०,८८० अधिक ६,३००, म्हणजे १७,१८० किलोमीटर. थेट वाटेपेक्षा जेमतेम एक टक्का जास्त. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० अधिक १२,०६०, म्हणजे २०,८४०. थांब्याचा वेळ दोन्हीकडे सारखा धरला तरी दुसऱ्या वाटेवर हवेतलेच चार-पाच तास वाढतात. स्वस्त तिकीट दिसलं की आधी ही बेरीज करून बघावी असं माझं मत आहे. थांबा दोन वेगळ्या विमानतळांमध्ये विभागलेला नाही ना, तेही कोडवरून तपासा. नारिताला उतरून हानेदाहून निघायचं असेल तर मधले ६० किलोमीटर सामानासह स्वतः पार करावे लागतात, आणि त्यासाठी जपानमध्ये प्रवेशाची परवानगीही लागू शकते.

शेवटची पडताळणी

फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर उड्डाणाचा क्रमांक टाका आणि गेल्या काही दिवसांत ते विमान किती वेळ हवेत होतं ते पाहा. एकाच दिवसाचा आकडा घेऊ नका. आठवडाभराचे बघा आणि शक्य असेल तर ज्या ऋतूत जायचं आहे त्या ऋतूतले. तुमचा अंदाज आणि हे आकडे यांत अर्ध्या तासाचा फरक असेल तर तो वाऱ्याचा समजा. दोन-तीन तासांचा असेल तर नकाशावर त्या विमानाची वाट उघडून बघा, बहुधा ते एखाद्या बंद आकाशाला वळसा घालताना दिसेल. आणि वाट सरळ दिसत असूनही फरक हजारो किलोमीटरचा येत असेल, तर परत जाऊन रेखांशापुढचं ऋणचिन्ह तपासा.